आवा कोणाच्या खात्यात?

उन्हाळ्यात आपण माठ आणतो, दिवाळीला पणत्या आणतो. पण त्या भाजतात कशा, हे फारसे कोणी पाहत नाही. पाहायचे असेल तर मुंबईत धारावीच्या कुंभारवाड्यात जावे.

सौराष्ट्रातून पोटासाठी आलेल्या या कुंभारांना, मुंबई वाढत गेली तसे मागे मागे सारण्यात आले. १९३० च्या दशकात ते धारावीत वसले. पुढे शहरच त्यांच्याभोवती आले. घरांच्या ओळी, मध्ये अंगण आणि अंगणात आपल्या हातांनी विटा रचून बांधलेला उघडा आवा, अशी इथली वस्ती. एका आव्यावर अनेक घरांचे पोट चालते.

सुकलेली भांडी आणि इंधन यांचे थर रचायचे. इंधन म्हणजे लाकडाचा भुसा, कापसाचा टाकाऊ कचरा. वरून खापऱ्यांचे झाकण. आग हळूहळू चढवावी लागते. मातीत ओल राहिली तर तिची वाफ होते आणि भांडे तडकते. सुमारे ६०० अंशांच्या पुढे माती कायमची बदलते. मग ती पाण्यात विरघळत नाही. घाई केली की आठवड्याच्या कष्टांच्या खापऱ्या होतात.

चाकावर बहुधा पुरुष दिसतो. माती चाळणे, भिजवणे, भांडी वाळवणे, उचलून ठेवणे यात बायकांचा दिवस जातो. त्याची मजुरी कोणत्या वहीत लिहिली जाते?

धुराचे मात्र गोडवे गाऊ नयेत. आवा दाराशी, म्हणून धूर घरात. तो बायका-मुलांच्या छातीत जातो. कमी धुराची भट्टी ही त्यांची खरी गरज आहे.

मी पेशाने कारकून. हिशेबात जे लिहिले जात नाही ते बुडते, हे रोज पाहतो. धारावीच्या पुनर्विकासाची योजना २००४ पासून गाजते आहे. २०२२ मध्ये तिची निविदा एका खाजगी कंपनीला मिळाली. घराचे चौरस फूट मोजता येतात. अंगणातला आवा एका घराच्या नावावर नसतो, मग तो कोणाच्या खात्यात मांडणार? सातव्या मजल्यावर आवा पेटत नाही. घर मिळाले आणि भाकरी गेली, तर तो विकास कसला?

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकीही अनेकजण वस्तीतून, चाळीतून इमारतीत जाणार आहेत. सही करण्यापूर्वी घर किती हे विचाराच. पण शिलाई मशीन, हातगाडी, पापडाचे वाळवण यांची जागा कुठे, तेही विचारा. उत्तर लेखी घ्या, आणि सर्वांनी मिळून घ्या.