गाळ्यातली उमेदवारी

सकाळी भाईंदरहून चर्चगेटकडे लोकल खचाखच भरून सुटतात; पण रोजगार भाईंदर शहरातही आहे. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलच्या पत्र्याची ताटं-वाट्या घडतात, पॉलिश होतात. उत्तनला मासेमारी चालते, बोंबील वाळतात.

मग तरुण दूर का जातात?

गाळ्यातलं काम उस्तादाच्या हाताखाली शिकायचं, हाती प्रमाणपत्र क्वचितच. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१चा. त्याच्या सध्याच्या नियमांनुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच उमेदवार घेणं सक्तीचं आहे. ४ ते २९ कामगारांच्या युनिटसाठी ते ऐच्छिक. छोटे गाळे इथेच निसटतात.

२०२४मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. विद्यावेतन दरमहा बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय-पदविकाधारकांना ८,०००, पदवीधरांना १०,००० रुपये. मुदत सुरुवातीला सहा महिने. पुढची कायम नोकरी मात्र योजनेत गृहीत नाही.