रातांब्याची बी

मे महिन्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्यांमधून खळ्याखळ्यांत लालभडक वाळवण पडलेलं दिसतं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, साल वेगळी करायची, गराला मीठ लावून रस सोडवायचा आणि त्याच रसाची पुटं देत साल उन्हात वाळवायची, की झाली आमसुलं. घरच्या बायकांचा एक डोळा सालींवर आणि एक आभाळावर. वळवाची एक सर आली तरी सगळं काम पाण्यात. या धांदलीत फळातल्या पाच-आठ बिया गरासकट बाजूला पडतात. मला सांगायचं आहे ते त्या बियांविषयी.

त्यांचं मोल कोकणातल्या आज्यांना फार आधीपासून ठाऊक आहे. बिया धुऊन खडखडीत वाळवायच्या, कुटून टरफल पाखडायचं, आतला मगज बारीक करून पाण्यात रटरटू द्यायचा. हळूहळू पाण्यावर तेलाचा तवंग चढतो. तो डावानं अलगद काढून घ्यायचा आणि निवत आला की मुठीत वळून लांबट गोळे करायचे. हेच मुठेल. गोव्यात याला भिरंडेल म्हणतात. भातलावणीत चिखलानं फुटलेल्या टाचांना रात्री मुठेल कढवून भरायचं, हा उपाय कोकणात घरोघरी झालेला आहे. थंडीत ओठांनाही तेच.

आता यामागचं रसायन पाहा. या मेदात निम्म्याहून जास्त वाटा स्टिअरिक आम्लाचा आणि उरलेल्यात बहुतेक ओलेइक आम्लाचा. त्यांची जोडणी अशी, की मुठेल ४० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. म्हणजे कोकणच्या उन्हाळ्यातही डबीत घट्ट राहतं आणि त्वचेवर चोळलं की पातळ थर धरतं. त्याला वासही फारसा नाही. लिप बाम, साबण, मलमं बनवणाऱ्यांना यापेक्षा वेगळं काय हवं असतं? म्हणून कोकम बटर या नावानं ते जगभर विकलं जातं. चॉकलेटवाल्यांनाही ते चालतं: युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशानुसार चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज जे सहाच वनस्पतिज मेद ५ टक्क्यांपर्यंत घालता येतात, त्यांत कोकम आहे. आंब्याच्या कोयीतला मेदही आहे. कोकणातल्या दोन फळांचा टाकाऊ भाग त्या यादीत बसलेला पाहून मला मनापासून अभिमान वाटतो.

सालीतल्या हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाची गोष्ट निराळी. वजन उतरवण्याच्या गोळ्यांमधून त्याचा मोठा गाजावाजा झाला. पण १९९८ साली अमेरिकेत १३५ जणांवर झालेल्या १२ आठवड्यांच्या चाचणीत, हेच आम्ल असलेला मलबारी चिंचेचा अर्क घेणाऱ्यांचं वजन नुसती लटकी गोळी घेणाऱ्यांपेक्षा लक्षणीय उतरलं नाही. सोलकढी प्यावी ती चवीसाठी आणि उन्हाच्या काहिलीवर. कोकमाच्या नावानं खोटी आशा विकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. टाचेच्या भेगांना आराम देणाऱ्या मुठेलाला असल्या जाहिरातीची गरज नाही.

खंत आहे ती वेगळीच. शुद्धीकरणाची यंत्रणा वाडीत नसते, त्यामुळे बी विकणाऱ्या बाईच्या पदरात पडतो तो बियांचा भाव, बटरचा नव्हे. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं ‘कोकण अमृता’सारखी जात दिली. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी. रोपाला फुलं येईपर्यंत ते कुठलं हे कळत नाही, वर्षानुवर्षं थांबावं लागतं. कलमांनी तो प्रश्न सोडवला. बागेचं काम मार्गी लागलं, घाण्याचं राहिलं.

त्या कामाची सुरुवात खळ्यातच होते. बीला गर चिकटून राहिला, दमट हवेत बुरशी धरली, की तेलातलं आम्ल वाढतं आणि शुद्ध करताना तेवढा माल घटतो. बी स्वच्छ धुवावी, आमसुलांइतक्याच निगुतीनं ताडपत्रीवर पसरावी, मिरगाच्या आत सुकवून कोरड्या जागी ठेवावी. घाणा गावच्या बचत गटाचा असला, तर तेल काढल्यावर उरलेली पेंडही गावातच राहते आणि माडांच्या आळ्यात खत म्हणून जाते.