धंद्यासाठी एकटीने मुंबई: सोबत माणूस नसेल तर सोबत काय हवं?

मित्रांनो, हे तुम्हीसुद्धा वाचा. कारण “एकटी कशी जाशील?” हा प्रश्न घरात बहुतेक वेळा तुम्हीच विचारता.

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या ताई बांबूच्या वस्तू बनवतात, मोहाचे लाडू करतात, चारोळी विकतात, कोशाच्या कापडाचं काम करतात, शिवणकाम करतात. माल चांगला असतो आणि हिशोबही पक्का असतो. पण मुंबईतल्या प्रदर्शनात स्टॉल मिळाला, किंवा ठोक बाजारातून थेट सामान आणायची वेळ आली, की गाडी एकाच ठिकाणी अडते. सोबत यायला कोणी नाही. मग स्टॉल सोडला जातो, नाहीतर तेच सामान मध्यस्थाकडून महाग घेतलं जातं.

आधी याचा हिशोब करू. समजा तुम्ही २०,००० रुपयांचा माल आणणार आहात आणि त्यावर ५,००० रुपये सुटतील. तुमचं एकटीचं जाणं-येणं, राहणं, खाणं मिळून ३,००० धरा. हातात राहिले २,०००. आता सोबत घरचा माणूस आला. त्याचं तिकीट, त्याचं जेवण, त्याची दोन-तीन दिवसांची बुडालेली मजुरी मिळून २,५०० धरा. म्हणजे ५०० रुपयांचा तोटा! माल तोच, मेहनत तीच, पण “सोबत” घेतली म्हणून धंदा तोट्यात. म्हणून एकटीने सुरक्षित प्रवास करता येणं हे धंद्याचंच कौशल्य आहे. भाव करणं शिकतो, तसंच हेही शिकायचं.

हे तुम्हाला अर्धं आधीच येतं

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला जाणारी आपल्याकडची बाई काय करते? वाट माहीत असलेलीच धरते. पुरतं उजाडल्याशिवाय निघत नाही. कुठल्या भागात वाघ दिसलाय, त्याची चौकशी करते. चौघींना सांगून जाते, आवाज देत राहते, अंधाराच्या आत घरी येते. तिला कोणी “भित्री” म्हणत नाही, कारण जंगलात जायची रीतच ती आहे.

शहरात जायची रीतही अशीच आहे: उजेडाची वेळ, माहितीची वाट, कोणाला तरी सांगून जाणं आणि परतीचा रस्ता आधी ठरवणं. फरक एवढाच की जंगलाची माहिती आईकडून, सासूकडून मिळाली. शहराची माहिती आपल्याला गोळा करावी लागते. चला, तीच करू.

पहिली पायरी नागपूर

एकदम मुंबईला उडी मारू नका. आधी एकदा एकटीने नागपूर करा, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे ही तालीम स्वस्तात होते. इतवारी, गांधीबाग, सीताबर्डी हे बाजार फिरा. मेट्रोत बसून बघा. तीन दुकानांत एकाच वस्तूचा भाव विचारा आणि न घेता बाहेर पडा. हो, न घेता! अनोळखी माणसाला शांतपणे “नको” म्हणता येणं ही सुरक्षेची पहिली तालीम आहे. असं दोनदा केलं की मुंबईची भीती निम्मी होते.

आधी घड्याळ बघा, मग तिकीट काढा

मुंबईसाठी एकच नियम पाठ करा: अनोळखी शहरात दिवसाउजेडी पोहोचायचं. नागपूरहून संध्याकाळी-रात्री सुटणाऱ्या विदर्भ, दुरांतो यांसारख्या गाड्या सकाळी मुंबईत पोहोचतात. उलट हावड्याकडून येणाऱ्या काही गाड्या सकाळी नागपूर सोडून रात्री मुंबईत उतरवतात. तिकीट मिळतंय म्हणून अशी गाडी पकडू नका. परतीलाही तसंच. मुंबईहून रात्री निघा, सकाळी नागपूर, आणि मग दिवसा एसटीने किंवा रेल्वेने गावाकडे. देसाईगंज-वडसा, नागभीड, मूलकडच्या ताईंनी पुढची शेवटची बस किती वाजता आहे, हे निघायच्या आधीच विचारून ठेवायचं. आपला प्रवास नागपूरला संपत नाही, घराच्या दारात संपतो.

स्लीपर डब्यात महिलांसाठी वेगळा कोटा असतो. मेल-एक्सप्रेस गाड्यांमध्ये एकट्या किंवा फक्त बायकांच्या गटाने जाणाऱ्यांसाठी सहा बर्थ राखीव असतात, वयाची अट नाही. तिकीट काढताना कोट्यात ‘लेडीज’ निवडा किंवा खिडकीवर तसं सांगा. रेल्वे सुरक्षा दलाचा ‘मेरी सहेली’ हा उपक्रम २०२० पासून सुरू आहे. त्यात महिला जवान एकट्या प्रवासी बायकांना भेटून चौकशी करतात. कोणी विचारायला आलं तर गणवेश बघा आणि मोकळेपणाने बोला. रेल्वेत काहीही अडचण आली तर नंबर एकच, १३९.

आणि कोणत्या स्टेशनवर उतरायचं, ते तिकिटावर नीट वाचा. मुंबई म्हणजे एक स्टेशन नाही. सीएसएमटी, दादर आणि कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस ही वेगवेगळी ठिकाणं आहेत.

राहायचं ठिकाण घरूनच ठरवा

‘उमेद’ अभियानाचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन मुंबईत भरतं, अनेक वर्षं ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर भरत आलंय. अशा सरकारी प्रदर्शनाला जात असाल तर राहण्याची सोय काय आहे, कुठे आहे, स्टॉल बंद झाल्यावर तिथे परत कसं जायचं, हे तालुक्याच्या कक्षात आधीच विचारा. “तिथे गेल्यावर बघू” हे उत्तर स्वीकारू नका.

स्वतःच्या खर्चाने जात असाल तर निघण्याआधी लॉजला फोन करा आणि सरळ विचारा, “मी एकटी बाई येणार आहे, खोली मिळेल ना?” काही ठिकाणी ऐनवेळी नाही म्हणतात. एकट्या प्रौढ बाईला खोली देऊ नये असा कायदा नाही, पण रात्री काउंटरवर वाद घालण्यापेक्षा सकाळी फोनवर उत्तर मिळालेलं बरं. आरक्षित तिकीट असेल तर मोठ्या स्टेशनांवरच्या रिटायरिंग रूम पीएनआर नंबरवर ऑनलाइन बुक करता येतात. स्टेशनच्या आतच मुक्काम, म्हणजे पहिल्या खेपेला सोयीचं. फक्त दिवसभराचं काम असेल तर महिला प्रतीक्षालयात तोंड-हात धुऊन, सामान क्लोकरूममध्ये ठेवून मोकळं व्हा. क्लोकरूमला बॅगेला कुलूप लागतं, ते घरूनच न्या.

ओळखपत्राची झेरॉक्स द्यावी लागते. आधारची ‘मास्क्ड’ प्रत काढून ठेवा, तिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. खोलीत शिरल्यावर आतली कडी नीट लागते का, हे सामान ठेवायच्या आधी बघा. लागत नसेल तर खोली बदलून मागा. यात लाजायचं काय?

शहरात फिरताना

पहिल्या खेपेला अख्खी मुंबई करायची नाही. एक भाग निवडा. सीएसएमटीपासून क्रॉफर्ड मार्केट म्हणजे महात्मा फुले मंडई, कापडाचं मंगलदास मार्केट, कागद-स्टेशनरीची अब्दुल रहमान स्ट्रीट, इमिटेशन दागिन्यांचं भुलेश्वर, मसाले-सुकामेव्याचा मशीद बंदर हा सगळा पट्टा पायी होतो. रविवारी बरीच ठोक दुकानं बंद असतात, म्हणून सोमवार ते शनिवार जा. सकाळी ११ च्या सुमाराला बाजार उघडा असतो आणि तुमच्या हातात दिवस असतो.

सीएसएमटीहून वांद्रे-कुर्ला संकुलाला जायचं असेल तर ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो ३ ने थेट जाता येतं. गाडी बदलायला नको, भाव ठरवायला नको. लोकलने जायचं झालं तर महिला डबा वेगळा असतो. डब्यावर बाईचं चित्र असतं आणि तो किती वेळ महिलांसाठी राखीव आहे तेही लिहिलेलं असतं. सकाळी कामावर जायची आणि संध्याकाळी परतायची गर्दी टाळा. दुपारी १२ ते ४ मध्ये लोकलमध्ये उभं राहायला तरी जागा मिळते. डबा कुठे येतो ते कळत नसेल तर फलाटावर ज्या बायका घोळक्याने उभ्या आहेत, तिथे उभं राहा.

रिक्षा फक्त उपनगरात चालते, सीएसएमटीकडे टॅक्सीच मिळते. दोन्हींना मीटर असतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिल्या दीड किलोमीटरचं किमान भाडं रिक्षाला २६ आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीला ३१ रुपये ठरलं. “मीटरने चला” एवढंच म्हणायचं. नाही म्हणाला तर पुढची गाडी. बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका, आणि तो चालकाला दिसेल असाच काढा.

स्टेशनबाहेर किंवा बाजाराच्या तोंडाशी कोणी “ताई, चला, स्वस्त दुकान दाखवतो” म्हणत मागे लागला तर थांबू नका. त्याचं कमिशन तुमच्याच बिलातून जाणार. रस्ता विचारायचाच तर दुकानात बसलेल्या माणसाला, पोलिसाला किंवा एखाद्या बाईला विचारा. आपली झाडीबोली ऐकून कोणी हसलं तर हसू द्या. तो भाषेला हसतोय, तुम्ही भावाकडे लक्ष द्या.

आणि पाणी पिणं बंद करू नका. स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि चक्कर येऊन बसतात. स्टेशन, मॉल, बसून जेवायचं हॉटेल, इथे सोय असते. जेवणाची जागा त्या हिशोबाने निवडा.

माल हातात घेऊन फिरू नका

ही गोष्ट धंदेवाली बाईच चुकवते, कारण तिला वाहतुकीचे पैसे वाचवायचे असतात. दोन्ही हातात पोती असली की फोन काढता येत नाही, पर्स सांभाळता येत नाही, पटकन बाजूला होता येत नाही. जड माल ट्रान्सपोर्टने पाठवा. दुकानदाराला विचारा, नागपूर-चंद्रपूरकडे माल पाठवणारा ट्रान्सपोर्ट त्याला माहीत असतो. पक्कं बिल आणि बिल्टी हातात घ्या, बिल्टीचा फोटो काढा. सोबत फक्त नमुने आणि किमती वस्तू. रेल्वेतही स्लीपरला ४० किलोपर्यंतच सामान मोफत नेता येतं. हमाल केला तर बिल्ला बघा आणि मजुरी आधी ठरवा.

पैसे आणि फोन

रोख तीन ठिकाणी वाटून ठेवा: रोजच्या खर्चाची पर्समध्ये, थोडी बॅगेत, परतीच्या भाड्याची अंगावर. यूपीआय ज्या खात्याला जोडलंय त्यात खरेदीपुरतेच पैसे ठेवा, बचत दुसऱ्या खात्यात. अनोळखी माणसाला “एक फोन करायचाय” म्हणून उघडा मोबाइल देऊ नका. ऑनलाइन फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

पॉवर बँक न्या, आणि पाच महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून ठेवा. फोन गेला तर पाठ असलेला एकही नंबर नसतो, हे बघा आठवून!

काही घडलंच तर

११२ हा पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन सगळ्यांसाठीचा नंबर. १८१ महिला हेल्पलाइन. मदत मागताना घोळक्याला उद्देशून ओरडण्यापेक्षा एकाला बोट दाखवून बोला: “निळा शर्टवाले दादा, पोलिसांना फोन करा.” सगळ्यांना सांगितलं की कोणीच हलत नाही, एकाला सांगितलं की तो हलतो.

चोरी किंवा छेडछाड झाली तर “आमची हद्द नाही” हे उत्तर ऐकून परत येऊ नका. कोणत्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो, पुढे तो योग्य ठाण्याकडे पाठवला जातो.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. सगळी काळजी घेऊनही कोणी त्रास दिला, तर तो गुन्हा त्याचा. “गेलीच कशाला” हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारू नका आणि घरच्यांनाही विचारू देऊ नका.

घरच्यांशी वाद नको, कागद द्या

“मी जाणारच” आणि “नाही जायचं” यात रात्र निघून जाते. त्यापेक्षा एक पान लिहा: गाडीचं नाव, डबा, बर्थ, पोहोचायची वेळ, मुक्कामाचा पत्ता आणि फोन, कोणत्या बाजारात किती वाजेपर्यंत, परतीची गाडी, गावची बस. खाली लिहा, “सकाळी ९, दुपारी २, रात्री ८ ला फोन करेन. तासभर उशीर झाला तर मुक्कामाच्या ठिकाणी फोन करा.” व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन ८ तासांपर्यंत चालू ठेवता येतं. पण भामरागड-एटापल्लीकडे घरी नेटवर्क नसेल तर ज्याला रेंज मिळते अशा नातेवाइकाला किंवा गटातल्या ताईला निरोपाची जबाबदारी द्या.

बचत गटांसाठी आणखी एक सुचवते. गटातली एक ताई जाऊन आली की तिच्याकडून दुकानांची नावं, मुक्कामाचा पत्ता, भाव, कुठे फसायला होतं, हे सगळं गटाच्या वहीत लिहून घ्या. दुसरी ताई तीच वही घेऊन जाईल आणि नवीन दोन पानं लिहून आणेल. चार खेपांत तुमच्या गटाकडे स्वतःची मुंबई तयार होईल, आणि पाचवीला कोणी विचारणार नाही की सोबत कोण आहे.

या आठवड्याचं काम: नागपूरच्या एका दिवसाचं पान लिहा. तारीख टाका. घरात वाचून दाखवा. आणि जाऊन या.