हात येथे, यंत्र तेथे

कळसूत्री बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आलीच असेल. सूत्रधाराचा हात पडद्याआड हलतो आणि बाहुली पडद्यापुढे नाचते. दोहोंमध्ये अंतर असते. पण सूत्र ताणलेले आहे तोवर ते कोणाला जाणवत नाही. सूत्र सैल पडले, की बाहुली हातामागून हलू लागते आणि खेळातील जीवच निघून जातो. संगणकाच्या जगात आज असाच एक खेळ चालू आहे. फरक इतकाच, की त्यातील सूत्र शेकडो किलोमीटर लांबीचे आहे.

चित्रपटासाठी महापुराचे किंवा वणव्याचे दृश्य रचणारा एखादा कलावंत इंदूरला आपल्या घरी बसलेला असतो. समोर एक पडदा, कळफलक, माउस आणि एक साधासा संगणक, एवढेच त्याचे साहित्य. ज्या यंत्रात ते दृश्य आकार घेते, ते मात्र मुंबईतील एखाद्या डेटा सेंटरमध्ये असते. तेथील एका बलाढ्य सर्व्हरचे अनेक आभासी संगणक केलेले असतात आणि त्यांपैकी एक या कलावंताच्या हाती दिलेला असतो. त्याच्या हाताच्या हालचाली तिकडे जातात. तिकडून केवळ पडद्याचे चित्र इकडे येते. मूळ चित्रफिती जागच्या हलत नाहीत. या व्यवस्थेला दूरस्थ आभासी डेस्कटॉप असे म्हणतात.

कल्पना तशी जुनी आहे. एका मोठ्या यंत्राची अनेक आभासी यंत्रे करण्याची सोय आयबीएम कंपनीने १९७२ साली व्हीएम/३७० या प्रणालीच्या रूपाने ग्राहकांपुढे ठेवली. १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एक्स विंडो प्रणाली जन्मास आली आणि एका यंत्रावर चालणारे काम दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर दिसू लागले. १९९८ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली. पत्रव्यवहार, हिशेब, नोंदवह्या अशा कामांना ही रीत चांगली मानवली. चित्रांच्या आणि चलच्चित्रांच्या कामाला मात्र ती बराच काळ मानवली नाही. त्याची कारणे तीन; आणि त्यांतील दोन माणसाने बऱ्याच अंशी दूर केली असली, तरी तिसरे दूर होण्यासारखे नाही.

पहिले कारण यंत्राचे. त्रिमिती चित्र रेखाटण्याचे कष्टाचे काम ग्राफिक्स कार्डावरील जीपीयू नावाचा घटक करतो. सर्व्हरमध्ये पूर्वी असे कार्ड नसे. असले तरी ते एकाच आभासी संगणकाला जोडता येई. म्हणजे दहा माणसांना दहा कार्डे हवीत. मग बचत ती कसली? २०१२ च्या सुमारास एनव्हिडिया कंपनीने ग्रिड या नावाची, खास सर्व्हरसाठी बनविलेली कार्डे आणली आणि पुढच्याच वर्षी एका जीपीयूची वाटणी अनेकांत करण्याची सोय प्रत्यक्षात आली. या वाटणीत स्मरणशक्तीचा ठराविक हिस्सा प्रत्येकाला कायमचा तोडून दिला जातो. रेखाटनाची शक्ती मात्र सर्वांनी पाळीपाळीने वापरावयाची असते. सामाईक विहिरीवरील रहाटाप्रमाणे, सर्वांनाच एका वेळी पाणी ओढावयाचे झाले तर प्रत्येकाची धार बारीक होते. म्हणून नकाशे पाहणारा, यंत्रभागांची आरेखने करणारा आणि चित्रपटातील धुराचे लोट रचणारा यांना एकाच मापाने हिस्सा देणे ही चूक ठरते.

हा मार्ग निर्धोकही नव्हता. मायक्रोसॉफ्टने २०११ साली आणलेल्या रिमोटएफएक्स या सोयीतील जीपीयूच्या वाटणीत सुरक्षेचे गंभीर दोष आढळले. जुलै २०२० मध्ये ती बंद करण्यात आली आणि पुढील वर्षी काढूनच टाकण्यात आली. जिच्यावर सारे काम उभारावयाचे, ती सोय उद्याही राहील की नाही, हा प्रश्न म्हणूनच गौण नव्हे.

दुसरे कारण चित्राच्या आकारमानाचे. साध्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट लागतात. सेकंदाला अशी ६० चित्रे पाठवावयाची, तर सुमारे ३ अब्ज बिट दर सेकंदाला धाडावे लागतील. घरगुती इंटरनेट जोडणी सेकंदाला १० कोटी बिटांची असली, तरी तशा तीस जोडण्या एकत्र केल्यावाचून हे भागणार नाही.

यावर उपाय संक्षेपणाचा. क्रिकेटच्या सामन्याचे धावते वर्णन करणारा निवेदक प्रत्येक चेंडूगणिक मैदान, मंडप आणि प्रेक्षक यांचे वर्णन नव्याने करीत नाही. काय बदलले तेवढेच सांगतो. संक्षेपणाचे एच.२६४ हे २००३ सालचे मानकही हेच करते. मागच्या चित्राहून जे निराळे झाले, तेवढेच ते पाठविते. शिवाय मानवी डोळा उजेडातील फरक बारकाईने टिपतो, पण रंगातील फरक तितक्या बारकाईने टिपत नाही, या स्वभावाचाही ते लाभ घेते. त्याच्या नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक ठिपक्याचा उजेड जपला जातो; रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकदाच नोंदविला जातो. अशा युक्त्यांनी ३ अब्जांचा भार साधारणतः एकदोन कोटींवर येतो.

परंतु जी काटकसर प्रेक्षकाला जाणवत नाही, ती कारागिराला नडते. निळ्या पार्श्वभूमीवरील बारीक तांबडी अक्षरे कडांशी फिसकटतात. चित्रपटाच्या अंतिम रंगसंगतीवर शिक्कामोर्तब करणाऱ्याला आपण मूळ रंग पाहत आहोत की त्याची नक्कल, याची खात्री उरत नाही. म्हणून काही पद्धतींत हालचाल चालू असता चित्र ओबडधोबड पाठवितात आणि ती थांबताच त्यात भर घालून मूळ रूप जसेच्या तसे उभे करतात. कॅनडातील टेराडिची कंपनीची पीसीओआयपी पद्धत यासाठी प्रसिद्ध झाली. इतर काही पद्धतींत प्रत्येक ठिपक्याचा रंग स्वतंत्र जपता येतो. अर्थात त्यासाठी वाहिनीही रुंद लागते.

आता तिसरे आणि खरे कारण. इंटरनेटवर चित्रपट पाहताना पुढची काही सेकंदे आधीच साठवून ठेवता येतात. त्यामुळे वाटेत थोडा अडथळा आला तरी तो कळत नाही. येथे ती सोय नाही. पुढचे चित्र कोणते, हे ज्या हाताने ठरवावयाचे तो हात अद्याप हललेलाच नसतो. हाताची हालचाल तिकडे पोहोचावी, दृश्य रेखाटले जावे, त्याचे संक्षेपण व्हावे, ते इकडे यावे, उलगडावे आणि पडद्यावर उमटावे, एवढा प्रवास दर खेपेस घडावाच लागतो. ध्वनीही सोबत यावा लागतो. संकलकाला पात्राचे ओठ आणि शब्द यांत फट दिसली, की कात्री नेमकी कोठे लावावी हेच कळेनासे होते.

या प्रवासाला निसर्गाने मर्यादा घातली आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते दिल्ली हे सरळ रेषेतील अंतर सुमारे १,१५० किलोमीटर; जाऊन येण्यास १२ मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. हे सहज खपून जाते. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. तेथे नुसत्या जाण्यायेण्यातच सेकंदाचा आठवा भाग संपतो. तारा सरळ रेषेत जात नाहीत आणि वाटेत थांबेही असतात, म्हणून प्रत्यक्षातील विलंब याहून अधिकच. माउसचा बाण जवळच्या यंत्रानेच काढून घ्यावा, अशा युक्तीने काही काळ डोळ्याची फसवणूक करता येते. पण लेखणीने चित्र काढणाऱ्याची रेघ लेखणीच्या टोकामागून फरफटत येऊ लागली, की त्याची बोटे अडखळतात. वाहिनीची रुंदी पैसे मोजून वाढविता येते; अंतर मात्र कितीही पैसे मोजले तरी कमी होत नाही. यंत्रच जवळ आणावे लागते.

म्हणून या व्यवस्थेचा अवलंब करणाऱ्याने प्रथम आपले काम कोणत्या जातीचे आहे ते पाहावे. इमारतींची आणि यंत्रांची त्रिमिती आरेखने, विस्तृत नकाशे, अवजड दृश्यांची जुळणी ही कामे दुरून चांगली होतात. किंबहुना जेथे मूळ सामग्री प्रचंड असते, तेथे ती हलविण्यापेक्षा तिचे चित्र पाठविणेच शहाणपणाचे. लेखणीचे नाजूक रेखाटन आणि रंगांचा अखेरचा निवाडा ही कामे जवळच्या यंत्रावर आणि पारखलेल्या पडद्यावर करावीत. पारख करावयाची ती कामगाराच्या खऱ्या घरून, खऱ्या जोडणीवर आणि सर्व मंडळी कामावर असतानाच्या वेळी करावी. मध्यरात्री एकट्याने घेतलेली परीक्षा सर्वांनाच उत्तीर्ण करते.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा ही परीक्षा सक्तीने घेतली गेली. चित्रपटांची अप्रकाशित दृश्ये कार्यालयाच्या भिंतीबाहेर जाऊ द्यावयाची नाहीत, असा या व्यवसायातील कडक दंडक. मग घरी बसलेल्या कलावंतांनी काम करावे कसे? फिती आत आणि चित्र बाहेर, या व्यवस्थेने अनेकांना ती वाट मोकळी करून दिली. एरवी मुंबई, हैदराबाद किंवा चेन्नई गाठल्यावाचून ज्यांना हे काम मिळाले नसते, त्यांना आपल्या गावी राहून ते करता येईल, ही शक्यता त्या दिवसांत ठळकपणे दिसून आली.

तथापि या सोयीची दुसरी बाजूही पाहावयास हवी. ज्याच्या घरी स्वतःचे यंत्र आहे, त्याची जोडणी तुटली तरी त्याचे काम त्याच्यापाशी राहते. ज्याच्या घरी केवळ पडदा आहे, त्याच्यापाशी त्या क्षणी काहीच उरत नाही. आणि मध्यवर्ती सर्व्हर बंद पडला तर एकाचे नव्हे, साऱ्यांचेच हात थांबतात. गावातील वीज टिकते का, जोडणी स्थिर आहे का आणि सर्व्हर त्या गावापासून किती दूर आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर इंदूरच्या त्या कलावंताची भाकरी अवलंबून आहे. सूत्र लांब करण्याची विद्या माणसाने हस्तगत केली आहे. ते ताणलेले राहील याची काळजी मात्र रोज घ्यावी लागणार आहे.