मर्यादा आणि रूप : आरंभीच्या गृहसंगणकांवरील खेळ

साधनाची मर्यादा रूपसिद्धीच्या आड येते, की रूपच घडविते, हा प्रश्न साहित्यविचाराला नवा नाही. छंदोबद्ध रचनेच्या संदर्भात त्याची चर्चा वारंवार झाली आहे. त्याचेच एक निराळे उदाहरण १९८०च्या दशकातील गृहसंगणकांवरील खेळांत आढळते.

ब्रिटनमध्ये १९८२ साली विक्रीस आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम ह्या संगणकाच्या मोठ्या आवृत्तीत ४८ किलोबाइट, म्हणजे ४९,१५२ बाइट, इतकी वापरण्याजोगी स्मृती होती. पडद्यावर एका ओळीत २५६ चित्रबिंदू, अशा १९२ ओळी. प्रत्येक बिंदूला सोळांपैकी एक रंग स्वतंत्रपणे द्यावयाचा, तर २४,५७६ बाइट, म्हणजे नेमकी अर्धी स्मृती, चित्रासाठीच खर्ची पडली असती. म्हणून आठ बिंदू लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकटीस दोनच रंग देण्यात आले व हा खर्च ६,९१२ बाइटांवर आला. परिणामी एक पात्र निराळ्या रंगाच्या वस्तूजवळून गेले, की एकाचा रंग दुसऱ्यावर पसरे.

१९८४ सालच्या 'नाइट लोअर' ह्या खेळात प्रत्येक दालन काळ्या पार्श्वभूमीवर एकाच रंगात रेखाटलेले आहे. रंगांचा संकर त्यामुळे टळला आणि वस्तू एकमेकींआड जाऊ लागल्या. रंगाचा त्याग करून खोलीचा आभास साधला गेला.

ध्वनीची स्थिती याहून बिकट होती. ध्वनिवर्धकास 'चालू' आणि 'बंद' एवढ्या दोनच अवस्था. त्या पालटण्याचे कामही खेळ चालविणाऱ्या प्रोसेसरनेच करावयाचे. सूर लांबविला, तर खेळ थांबे. १९८३ सालच्या 'मॅनिक मायनर'मध्ये मॅथ्यू स्मिथ याने हालचालींच्या मधल्या क्षणांत सुरांचे तुकडे पेरले. ती धून ग्रीगने इब्सेनच्या 'पीर गिंट' नाटकासाठी रचलेल्या, पर्वतराजाच्या दरबाराच्या संगीतातील आहे. खाणीतील गुहांना ती साजेशीच ठरते. कमोडोर ६४ ह्या संगणकात एका वेळी तीनच स्वर निघत. तेथे एकाच आवाजात स्वर अतिजलद आलटूनपालटून स्वरसंघाताचा भास निर्माण केला जाई.

मात्र वृत्ताशी असलेले हे साम्य मर्यादितच होय. वृत्त कवी स्वीकारतो, प्रसंगी बदलतो. यंत्राचे बंधन लादलेले असते. अनेक खेळांत रंगांचा संकर निव्वळ दोष म्हणूनच उरला. तेव्हा मर्यादा आपोआप रूप होत नाही. तिला दिलेले उत्तर रूप होते.

आज हे खेळ नव्या यंत्रांवर, जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रणालींच्या साहाय्याने खेळता येतात. मूळ बंधन ठाऊक नसलेल्यास 'नाइट लोअर'चा एकरंगीपणा केवळ रुचीचा भाग वाटेल आणि त्यामागील निर्णय अदृश्य होईल. जुन्या पोथीचे संपादन करताना लेखनसाहित्याचा विचार टाळता येत नाही. ह्या कृतींच्या जतनातही यंत्राची माहिती कृतीसोबतच राखली गेली पाहिजे.