समुद्र नाही, तरी कोलाजेन लोशनचा धंदा? आधी हे वाचा

अहिल्यानगरला समुद्र नाही, मग मरीन कोलाजेनचं लोशन इथे विकता येईल का? येईल. माशाची कातडी आणि खवले यांतून कोलाजेन काढतात, पावडर तयार मिळते. कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था यावर काम करते. पण मुळा धरणातला रोहू-कटला गोड्या पाण्यातला. त्याच्या खवल्यांच्या मालाला 'मरीन' म्हणू नका.

पैसे लावण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा.

1. दावा: कोलाजेनचा अख्खा रेणू साधारण 3 लाख डाल्टनचा. त्वचेतून सहज आत जातात ते साधारण 500 डाल्टनच्या आतले. म्हणजे ते वरच राहून ओलावा धरतं. "सुरकुत्या गायब" लिहिलंत, तर गिऱ्हाईक एकदाच येईल.

2. परवाना: कॉस्मेटिक्स रूल्स, 2020 प्रमाणे उत्पादनाला राज्याच्या एफडीएचा परवाना लागतो. घरच्या किचनमध्ये बनवून विकणं चालत नाही. सुरुवातीला परवानाधारक कारखान्याकडून बनवून घ्या.

3. गिऱ्हाईक: आपल्याकडे माळकरी, जैन घरं भरपूर. कुणाला माशाची ॲलर्जीही असते. "माशापासून बनवलेलं कोलाजेन" हे लेबलवर मराठीत स्पष्ट लिहा. त्यांच्यासाठी ग्लिसरीन-कोरफडीचं वेगळं लोशन ठेवा. लपवलंत आणि नंतर कळलं, तर अख्ख्या गावात नाव जाईल.

लगेच मशीन घेऊ नका. छोटा लॉट विका, दुसऱ्यांदा कोण मागतं ते वहीत लिहा. पुढचा पैसा त्या वहीकडे बघूनच लावा.

तुमचा तालुका कोणता? कमेंटमध्ये सांगा!