फुलकारीचे मोल

बाजारात आज फुलकारीला तोटा नाही. यंत्रावर भरलेल्या जॉर्जेटच्या ओढण्या याच नावाने सर्रास खपतात. हाताने भरलेली फुलकारी मात्र दुर्मीळ होत चालली आहे. नाव भरभराटीस आणि कला ओहोटीस, ही विसंगती केवळ अभिरुचीच्या ऱ्हासाने उलगडत नाही. तिचे मूळ श्रमाच्या मोबदल्यात आहे.

पंजाबच्या खेड्यांत फुलकारी ही मुळात विक्रीची वस्तू नव्हती. जाड्याभरड्या खद्दरवर, ‘पट’ या पीळ न दिलेल्या रेशमाने, उलट बाजूने धागे मोजीत टाके घातले जात. सारे कापड रेशमाने झाकले गेले की त्यास ‘बाग’ म्हणत. नातू जन्मास आला की त्याच्या भावी वधूसाठी आजी ‘वरी दा बाग’ भरावयास घेई. त्यात वर्षे गेली तरी त्यांचा हिशेब कोणी मांडीत नसे. कारण ते श्रम मायेचे होते.

१९४७ च्या फाळणीत हजारा, रावळपिंडी हे या भरतकामाचे नामांकित प्रदेश पाकिस्तानात गेले. इकडे पतियाळासारख्या ठिकाणी ही कला अनेक स्त्रियांच्या उपजीविकेचे साधन बनली. मायेचे श्रम असे बाजारात आले. परंतु त्यांचे मोल फावल्या वेळेचेच राहिले. नगामागे मजुरी ठरविताना त्या नगात किती दिवस गेले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

१९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्याखाली फुलकारीची नोंद झाली आहे. २०२१ साली पतियाळाच्या लाजवंती यांना पद्मश्री जाहीर झाली. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह होत. तथापि नोंदणीने नाव राखले जाते, मजुरी आपोआप वाढत नाही.

रास्त मजुरी दिल्यास किंमत चढेल व मागणी घटेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो अंशतः खराही आहे. परंतु यंत्राची ओढणी आणि हाताचा बाग या दोन भिन्न वस्तू आहेत. एकीच्या दराने दुसरीचे मोल करणे हाच मूळ दोष होय. यंत्राच्या मालावर तसा स्पष्ट शिक्का असावा, हस्तकामाचा दर लागलेल्या दिवसांवरून ठरावा आणि तो किमान वेतनाच्या खाली जाऊ नये. ग्राहकानेही कापड उलटून पाहावे: हातच्या कामात मागे रेशमाचे बारीक ठिपकेच तेवढे दिसतात.

संग्रहालयात जुने बाग सुरक्षित राहतील. कला राहणार नाही. भरतकाम करणाऱ्या स्त्रीची मुलगी स्वेच्छेने सुई हाती घेते की नाही, हीच संवर्धनाची खरी कसोटी आहे.